घरी परतायची ऑर्डर आली होती, तरी हॉबी बेकर शेवटचं विमान उडवायला गेला

21 डिसेंबर 1918. पहिलं महायुद्ध थांबून महिना उलटला होता. फ्रान्समधल्या तूल गावाजवळच्या विमानतळावर एका अमेरिकन स्क्वाड्रनचा कमांडर निघायच्या तयारीत होता. अमेरिकेला परतायची ऑर्डर आलेली. पण जाण्याआधी त्याला एकदा आकाशात जायचं होतं. सोबतच्यांनी अडवून पाहिलं, त्यानं ऐकलं नाही.

त्याचं नाव हॉबी बेकर. अमेरिकेतला आइस हॉकीचा पहिला मोठा स्टार.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि मेजर ध्यानचंद. बेकरची हॉकी बर्फावरची. पायात स्केट्स आणि बॉलऐवजी रबराची चपटी चकती, तिला म्हणतात पक. तेव्हा एका टीममध्ये 7 खेळाडू असायचे आणि पुढे उभ्या असलेल्या साथीदाराला पास द्यायला परवानगी नव्हती. त्यामुळे पक स्वतः घेऊन पळणारा गडी सामना फिरवायचा. बेकर नेमका तसाच होता. तो खेळायचा रोव्हर म्हणून, म्हणजे सगळ्या रिंकभर फिरायची मोकळीक असलेला सातवा खेळाडू.

1892 साली फिलाडेल्फियाजवळ बाला किनविडला त्याचा जन्म झाला. अकरा वर्षांचा असताना त्याला आणि भाऊ थॉर्नटनला न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट पॉल्स बोर्डिंग शाळेत पाठवलं. तिथली तळी हिवाळ्यात गोठायची. हॉबी रात्री अंधारात त्यावर सराव करायचा. पक दिसत नसताना काठीनं सांभाळायची सवय लागली, ती कायमची.

1907 च्या आर्थिक संकटात वडिलांचं बरंच नुकसान झालं. दोन्ही मुलांना कॉलेजला पाठवणं परवडणार नव्हतं. थॉर्नटननं आपली संधी सोडली आणि 1910 मध्ये हॉबी प्रिन्स्टनला गेला. (या भावाचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण पुढची सगळी गोष्ट त्याच्यामुळे घडली.)

प्रिन्स्टनमध्ये तो हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल, दोन्ही टीम्सचा कॅप्टन झाला. फुटबॉल तो हेल्मेट न घालता खेळायचा. विरोधक त्याला पाडायला टपलेले असायचे, तरी कॉलेजच्या हॉकीत त्याला पेनल्टी मिळाल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. सामना संपला की समोरच्या टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन हात मिळवायचा.

कॉलेज संपल्यावर न्यूयॉर्कमध्ये जे. पी. मॉर्गनच्या बँकेत नोकरी लागली. दिवसा फाइली, संध्याकाळी सेंट निकोलस क्लबकडून हॉकी. रिंकबाहेर त्याच्या नावाचे दिवे लावले, तर त्यानं ते काढायला सांगितले. प्रोफेशनल हॉकीची ऑफर आली, तीही नाकारली. त्याच्या वर्गात पैशासाठी खेळणं कमीपणाचं मानलं जायचं. आज हे विचित्र वाटेल, आणि घरची परिस्थिती पाहता थोडं महागातलंही.

बँकेत मन रमेना. 1916 मध्ये तो विमान शिकू लागला, 1917 मध्ये युद्धासाठी युरोपात पोहोचला. लढाऊ विमानं चालवली, शत्रूची 3 विमानं पाडल्याची नोंद झाली, फ्रान्सनं क्र्वा द गेर हे शौर्यपदक दिलं. पुढे 141 व्या स्क्वाड्रनची कमान मिळाली, तेव्हा विमानांवर प्रिन्स्टनचे नारिंगी-काळे रंग आणि वाघ आला.

पण युद्ध संपलं आणि पुढे होती तीच ऑफिसची खुर्ची. मिमी स्कॉटशी ठरलेलं लग्नही मोडलं होतं.

त्या दिवशी तो निघाला नुकतंच दुरुस्त केलेलं विमान घेऊन. ते तपासायचा धोका दुसऱ्यानं का घ्यावा, म्हणून स्वतःच बसला. हवा पावसाळी होती. थोडं वर गेल्यावर इंजिन बंद पडलं. विमान वळवून तळाकडे आणायच्या प्रयत्नात ते कोसळलं. बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच बेकर गेला. वय 26. घरी जायची ऑर्डर त्याच्या खिशातच होती.

प्रिन्स्टनमध्ये बेकरला पाहिलेला एक ज्युनियर होता, एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड. 1920 मध्ये त्याची पहिली कादंबरी आली. नायकाचं नाव ॲमरी, हॉबीचं पूर्ण नाव होतं होबार्ट ॲमरी हेअर बेकर.

1921 मध्ये त्याचं पार्थिव फ्रान्समधून बाला किनविडला आणलं. 1945 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमच्या पहिल्या 9 खेळाडूंत त्याचं नाव होतं, 1975 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही आलं. 1981 पासून अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज हॉकीपटूला दरवर्षी हॉबी बेकर पुरस्कार मिळतो.