चिंतामणराव देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळ नाते या गावी झाला. हे गाव रायगड किल्ल्याच्या वाटेवर आहे. त्यांचे घराणे रोह्याचे. आपल्या कळव्याच्या पुढे दिवा स्टेशन आहे ना, तिथून रोह्याला रेल्वे जाते. त्यांचे वडील वकील होते.

चिंतामणराव लहानपणापासून खूप हुशार होते. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले. त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. मग ते विलायतेला गेले आणि केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला. ही परीक्षा म्हणजे मोठा सरकारी अधिकारी होण्याची परीक्षा.

रिझर्व्ह बँक म्हणजे बँकांची बँक. दहाच्या नोटेवर तिच्या गव्हर्नरची सही असते. आधी गव्हर्नर इंग्रजच असायचे. १९४३ साली चिंतामणराव पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मग नोटांवर आपल्या माणसाची सही आली! तेव्हा महायुद्ध चालू होते आणि महागाई फार वाढली होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली. तरी १९४८ च्या जूनपर्यंत दोन्ही देशांचे काम हीच बँक बघत होती. ते काम किती अवघड असेल! १ जानेवारी १९४९ पासून रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली. तेव्हाही तेच गव्हर्नर होते.

१९५० साली ते भारताचे अर्थमंत्री झाले. खेड्यातल्या शेतकऱ्यांना सावकाराकडे जावे लागे, कारण जवळ बँकच नसायची. १९५५ साली स्टेट बँक सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या असे कायद्यातच लिहिले होते.

१९५६ साली मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे दिल्लीच्या सरकारने ठरवले. गोळीबारात पुष्कळ माणसे मेली. चिंतामणरावांना हे पटले नाही. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. एवढी मोठी खुर्ची त्यांनी सोडून दिली. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

नंतर त्यांनी शिक्षणाचे काम केले. ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी काम केले. चिंतामणरावांनी संस्कृत मेघदूत मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

मोठे पद मिळवायला अभ्यास लागतो आणि ते सोडायला हिंमत लागते. चिंतामणरावांकडे दोन्ही होते. त्यांना माझा नमस्कार.