महापालिकेचा पाया रचणारा बॅरिस्टर

मुंबई महापालिकेचा कारभार आजही ज्या कायद्याने चालतो, तो १८८८ सालचा आहे. त्याचे नाव बदलले आणि त्यात अगणित दुरुस्त्या झाल्या. पण सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त या तीन खांबांवर उभा असलेला त्याचा सांगाडा मात्र कायम राहिला. या सांगाड्याच्या उभारणीत ज्यांचा सर्वांत मोठा वाटा होता, ते सर फिरोजशहा मेहता मुंबईकरांना बहुधा पुतळ्यापुरतेच ठाऊक असतात. महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे, फोर्टमधील एका गजबजलेल्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि मलबार हिलच्या हँगिंग गार्डनलाही. काँग्रेसचे नेते म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नोंद होते; परंतु त्यांच्या आयुष्यातील चार दशके ज्या कामात गेली, ते काम मुंबईच्या नगरपालिकेचे होते. शहराचा कारभार कोणी करावा आणि करणाऱ्याला जाब कोणी विचारावा, हा प्रश्न त्यांनी तरुणपणी हाती घेतला आणि अखेरपर्यंत सोडला नाही.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते बी. ए. झाले आणि लवकरच त्यांनी एम. ए.ही पदरात पाडून घेतले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची त्यांच्यावर मर्जी होती. त्यांच्या शिफारशीमुळे रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेली शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला गेले. तेवढ्यात अमेरिकेतील यादवी युद्ध संपले. त्या युद्धाच्या काळात कापसाच्या भावाने फुगलेली मुंबईची बाजारपेठ १८६५ साली कोसळली, अनेक धनिक धुळीस मिळाले आणि फिरोजशहांच्या शिष्यवृत्तीचा आधारही गेला. तरीही त्यांनी शिक्षण पुरे केले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांच्याभोवती जमलेल्या हिंदी तरुणांच्या मेळ्यात ते वावरले. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत एका मोठ्या वादळाची चिन्हे दिसू लागली होती.

क्रॉफर्ड यांचे प्रकरण

हे वादळ नगरपालिकेभोवती घोंघावत होते. १८६५ च्या कायद्याने शहराची सर्व कार्यकारी सत्ता एका आयुक्ताच्या हाती दिली होती. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांनी. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे अधिकारी होते. त्यांनी गटारे साफ केली, रस्ते रुंद केले आणि १८६९ मध्ये भव्य मंडई उभी केली. मुंबईचे रूप पालटले, पण तिजोरीची पर्वा झाली नाही. मंदीमुळे घरांची भाडी आणि मालमत्तेच्या किमती उतरल्या असताना करांचा बोजा मात्र चढत गेला. १८७१ पर्यंत करदात्यांचा संताप अनावर झाला. आयुक्ताचे पदच नको, कारभार समितीकडे सोपवा, अशी मागणी जोर धरू लागली. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे मान्यवर कार्यकर्ते या चळवळीत अग्रभागी होते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी नगरपालिका सुधारणेवर एक निबंध वाचला. श्रोत्यांना जे ऐकायचे होते, त्याच्या नेमके उलट त्यांनी सांगितले. शहराची घाण काढण्याचे काम अनेक तोंडांच्या समितीला जमणार नाही, कारण समितीत प्रत्येकाच्या हाती सत्ता असते आणि जबाबदारी कोणाचीच नसते; कार्यकारी अधिकार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष आयुक्तपदात नसून त्यावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाच्या घडणीत आहे. जस्टिसांना करदात्यांनी निवडलेले नव्हते, त्यामुळे त्यांना जाब विचारण्याची सवय नव्हती आणि जाब देण्याचे भयही नव्हते. तेव्हा आयुक्त ठेवा, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेली सभा बसवा, असा त्यांच्या निबंधाचा गाभा होता. सभेत गदारोळ झाला आणि क्रॉफर्डचे वकील अशी त्यांची संभावना झाली.

त्यांचा युक्तिवाद व्यक्तीसाठी नव्हता, हे काळानेच दाखवले. पुढे पुण्यास मध्य विभागाचे आयुक्त असताना हेच क्रॉफर्ड लाचखोरीच्या आरोपांत सापडले. ते प्रकरण १८८८ साली देशभर गाजले. माणूस चांगला की वाईट यावर शहराचे भवितव्य अवलंबून राहू नये, अशी रचना हवी, हेच फिरोजशहा १८७१ मध्ये सांगत होते.

सभागृहात प्रवेश

१८७२ च्या कायद्यात त्यांच्या मांडणीशी मिळतीजुळती तत्त्वे आली. ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन स्थापन झाली. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३२ सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. उरलेल्यांत १६ जस्टिसांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. पहिली निवडणूक १८७३ साली झाली. मतदानाचा हक्क मात्र ठराविक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांनाच होता. गिरण्यांत राबणारा आणि चाळीत भाड्याने राहणारा मुंबईकर या यादीबाहेरच राहिला. आजच्या दृष्टीने ही लोकशाही तोकडी होती. परंतु ज्या देशात निवडून आलेले सरकार ही कल्पनाच नवी होती, तेथे एका महानगराच्या निम्म्या सभागृहाची निवड नागरिकांच्या हाती आली, ही लहान गोष्ट नव्हती.

फिरोजशहा नव्या कॉर्पोरेशनमध्ये गेले आणि तेथेच रमले. अंदाजपत्रकातील आकडा न् आकडा तपासायचा, नियमांचे पुस्तक तोंडपाठ ठेवायचे आणि अधिकाऱ्याच्या खुलाशातील त्रुटी तिथल्या तिथे दाखवून द्यायची, ही त्यांची पद्धत होती. भारदस्त आवाज, रुबाबदार राहणी आणि धारदार उपरोध यांमुळे सभागृहावर त्यांची हुकूमत चाले. १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. मुंबईचा अनभिषिक्त राजा ही त्यांना मिळालेली उपाधी याच सभागृहातील वर्चस्वातून आली.

१८८८ चा कायदा

१८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्यासंबंधीचा ठराव प्रसिद्ध केला आणि मुंबईच्या कायद्याची फेररचना करण्याचा विषय निघाला. सरकारी मसुद्याचा कल आयुक्ताचे हात बळकट करण्याकडे आणि सभागृहाला सल्लागाराच्या पायरीवर बसवण्याकडे होता. विधिमंडळात त्या वेळी फिरोजशहा होते आणि सोबत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. या दोन कायदेपंडितांनी मसुद्याचा कलमवार कीस काढला.

त्यातून जो कायदा सिद्ध झाला, त्याच्या ६४ व्या कलमात सारे सार आहे. शहराचा नागरी कारभार कॉर्पोरेशनच्या ठायी निहित असेल, असे हे कलम आधी सांगते. आयुक्ताकडे कार्यकारी अधिकार सोपवण्याचे काम त्यानंतर करते. मालक कोण आणि कारभारी कोण, याचा निर्णय या क्रमात आहे. आयुक्त सरकार नेमणार, पण त्याने मांडलेले अंदाजपत्रक स्थायी समितीतून सभागृहाकडे जाणार. ठराविक रकमेपुढील कंत्राटांना समितीची संमती लागणार. समितीची बैठक आठवड्यातून एकदा तरी भरणार. प्रसंग आलाच तर विशेष बहुमताने आयुक्ताला दूर करण्याचा अधिकारही सभागृहाला मिळाला. गटारे, पाणी, रस्ते, दिवे, स्मशाने, प्राथमिक शाळा ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून कायद्यात लिहिली गेली. सभागृह ७२ सदस्यांचे झाले आणि त्यात विद्यापीठ व चेंबर ऑफ कॉमर्स यांनाही प्रतिनिधित्व मिळाले.

या रचनेत एक तडजोड होती आणि ती फिरोजशहांनी जाणूनबुजून पत्करली होती. शहराचा सर्वांत प्रबळ अधिकारी शहराने निवडलेला नव्हता. तो सरकारचा माणूस होता. सभागृह जागे असेल तोवरच हा तोल राहणार होता.

१९०७ : दोन आघाड्या

सभागृह किती जागे आहे, याची प्रचीती सरकारी वर्तुळाला वारंवार येत होती. १८९६ च्या प्लेगनंतर गलिच्छ वस्त्या पाडून नवे रस्ते काढण्यासाठी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तो कॉर्पोरेशनच्या कक्षेबाहेरचा होता आणि त्यावर निवडलेल्या सदस्यांचे बळ अपुरे होते. शहराच्या पैशांवर आणि भूमीवर चालणारी संस्था शहराला उत्तरदायी नसावी, हे फिरोजशहांच्या आजन्म भूमिकेशी विसंगत होते. पोलिसांच्या खर्चाचा भार पालिकेने किती उचलावा, यावरही वर्षानुवर्षे झगडा चालला. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांची जबाबदारी पालिकेकडे आली. शहराच्या शाळा आणि दवाखाने पालिकेच्या अंगणात पक्के रुजले, ते या वाटणीमुळे.

त्याच वर्षी फिरोजशहांचे आसन डळमळीत करण्याचा डाव रचला गेला. काही उच्चपदस्थ युरोपीय अधिकारी आणि एका इंग्रजी दैनिकाचे संपादक यांनी एकत्र येऊन जस्टिसांच्या निवडणुकीत सोळा उमेदवारांची यादी पुढे केली. कॉकस या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. निवडून येणाऱ्या सोळा जणांत फिरोजशहा नव्हते. त्यांचा क्रमांक सतरावा लागला. शहर खवळले, निषेधाच्या सभा झाल्या. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकजण पालिकेशी असलेल्या कंत्राटी संबंधांमुळे अपात्र ठरला आणि कायद्याच्याच बळावर फिरोजशहा सभागृहात परतले.

गंमत अशी, की ज्या वर्षी अधिकाऱ्यांना ते डोईजड वाटले, त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय पक्षाच्या तरुणांना ते सरकारधार्जिणे वाटले. नागपूरला ठरलेले काँग्रेसचे अधिवेशन सुरतेला हलवण्यामागे फिरोजशहांचा हात होता. लोकमान्य टिळकांच्या अनुयायांना तो आघात वाटला. सुरतेच्या मंडपात जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा यांना लागला आणि काँग्रेस दुभंगली. जनतेच्या चळवळीची ताकद फिरोजशहांना उमगली नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप खोटा म्हणता येत नाही. नियम, ठराव आणि सभागृह यांवर त्यांची श्रद्धा इतकी होती, की रस्त्यावर उतरलेल्या माणसाविषयी त्यांना विश्वास वाटला नाही. तथापि, सरकारपुढे मान तुकवणाऱ्यांपैकी ते नव्हते. १९०१ साली जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीने शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्कास बाधा येते असे दिसताच, गोपाळ कृष्ण गोखले आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी विधिमंडळातून सभात्याग केला होता.

अखेरच्या वर्षांत त्यांनी संस्था उभारण्यावर भर दिला. १९११ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. हिंदी जनमताला इंग्रजीत आवाज मिळावा म्हणून १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू झाले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर

ज्या उणिवा फिरोजशहांच्या काळात राहिल्या, त्यांपैकी काही पुढच्या पिढ्यांनी भरून काढल्या. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ साली पालिकेत विलीन झाला. १९४८ साली प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली आणि चाळीतला भाडेकरूही मतदार झाला. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना संविधानात स्थान दिले. आयुक्त आणि सभागृह यांच्यातील जुनी तडजोड मात्र तशीच राहिली. १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग करून लोकप्रतिनिधींकडे कार्यकारी सत्ता देऊन पाहिली गेली. तो अल्पावधीत गुंडाळला गेला. शहराचे नियोजन आणि मोठे प्रकल्प अनेक प्राधिकरणांत विभागले गेले आणि ट्रस्टच्या वेळचाच प्रश्न नव्या नावांनी परत आला.

या रचनेची खरी कसोटी मार्च २०२२ मध्ये लागली. सभागृहाची मुदत संपली, निवडणूक न्यायालयीन वादात लांबली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे आयुक्तच प्रशासक होते. कायद्याने तीन ठिकाणी वाटलेले अधिकार एकाच टेबलावर आले. अंदाजपत्रक मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच होता. हजारो कोटींची कंत्राटे निघाली, रस्ते खणले गेले, पण आपल्या प्रभागातील गटार का तुंबले हे विचारायला नागरिकाला नगरसेवक उरला नव्हता. कामे झाली नाहीत असे नाही. क्रॉफर्ड यांच्या काळीही ती झाली होती.

सभागृह पुन्हा भरले आहे आणि स्थायी समितीही कायद्यात आपल्या जागी आहे. ६४ वे कलम अजून पुस्तकात आहे. त्याचा अर्थ जिवंत ठेवण्याचे काम फिरोजशहांनी चाळीस वर्षे अंदाजपत्रकाच्या पानापानांवर बसून केले. ते काम कोणताही कायदा आपोआप करत नाही.