ताराराणींची सत्ता 'देवी'च्या आजारामुळे गेली? कांजिण्यांपेक्षा हा आजार वेगळा कसा?

मुलाला देवी आल्या, तो दगावला आणि महाराणी ताराबाईंची सत्ता गेली, असं जुन्या इतिहासात वाचायला मिळतं. यातला क्रम उलटा आहे.

ताराबाई कराडजवळच्या तळबीडच्या. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या, छत्रपती राजाराम महाराजांची पत्नी. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि मुलगा शिवाजी जेमतेम चार वर्षांचा. त्याला गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला. पुढच्याच महिन्यात सातारचा किल्ला मुघलांकडे गेला. तरीही औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे सात वर्षं त्यांनी लढाई थांबू दिली नाही. मग कैदेतून सुटून शाहू महाराज आले, खेडला ताराबाईंचा पक्ष हरला आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी चालवली.

देवीची गोष्ट कुठून आली?

साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात ताराबाईंचा मुलगा १७१२ मध्ये देवीने गेला आणि नंतर त्यांना बाजूला केलं, असं आहे. पुढच्या संशोधकांनी हे दुरुस्त केलं. १७१४ मध्ये राजवाड्यातच उठाव झाला, सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराबाई मुलासह कैदेत गेल्या. मुलगा देवीनेच गेला, पण १७२६ च्या सुमारास, कैदेत असताना.

देवी आणि कांजिण्या एकच का?

नाही. दोन्हींत ताप आणि अंगभर फोड, त्यामुळे गल्लत होते. दोन्हींचे विषाणू मात्र वेगळ्या कुळातले. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर जास्त आणि सगळे एकाच अवस्थेत असायचे. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर जास्त, काही नवे तर काही खपली धरलेले. देवी झालेल्या दहांपैकी साधारण तिघे दगावायचे. हा फरक इंग्लंडच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६७ मध्ये नीट मांडला.

देवीतून वाचलेल्याच्या अंगात तो विषाणू उरत नसे. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये लपून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की अंगाच्या एका बाजूला पट्ट्यात फोड येतात. हीच आपली नागीण! (तिची दोन तोंडं जुळली की माणूस मरतो, ही निव्वळ अफवा.) देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. देवीची जुनी लस दंडावर असली तरी कांजिण्या होऊ शकतात. त्यांची लस वेगळी आहे.

पुढे ताराबाईंचं काय झालं?

१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्यं ठरली. सीमा झाली वारणा, जी आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या मधून वाहते. ताराबाई साताऱ्यात आल्या, पण नजरकैदेत. १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी रामराजाला आपला नातू म्हणून गादीवर आणलं आणि वर्षभरात त्यालाच सातारच्या किल्ल्यावर कैद केलं. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. पानिपत झालं त्याच वर्षी, डिसेंबर १७६१ मध्ये साताऱ्यात त्यांचं निधन झालं. संगम माहुलीला कृष्णेकाठी त्यांची समाधी आहे.