वळलेली बोटं सरळ करणारा डॉक्टर
अंगठा करंगळीला टेकवा, मनगट किंचित वाकवा. मधोमध दोरीसारखा टेंडन उठून दिसतो ना? काहींना तो जन्मतःच नसतो, आणि त्यांचं काहीच अडत नाही. डॉ. नोशीर अंतियांनी नेमका हाच टेंडन कामाला लावला.

१९२२ साली हुबळीत जन्मलेले अंतिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकले आणि परतल्यावर आपल्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करू लागले. औषधानं रोग बरा व्हायचा; पण नस निकामी झाल्यानं आत वळलेली बोटं तशीच राहायची. ती पाहून काम कोण देणार? अंतियांनी हा टेंडन लांबवून, चार भाग करून बोटांना जोडला. १९६९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. २००७ मध्ये ते गेले. तो टेंडन मात्र आपल्या मनगटात आहे. बघितलात?