विम्याला हमी मिळवून देणारे चिंतामणराव



आपापल्या व्यवसायाशी संबंधित एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहा, असे संपादक मंडळाने कळवले. माझा व्यवसाय विम्याचा. १९८८ साली मी आयुर्विमा महामंडळाची एजन्सी घेतली, ती आजही चालू आहे. म्हणून चिंतामणराव देशमुखांविषयी लिहितो. त्यांनी स्वतः कधी पॉलिसी विकली नाही, पण आम्हा एजंटांच्या शब्दाला वजन आले ते त्यांच्यामुळे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील वकील होते. १९१२ साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. आपल्या वर्गात संस्कृत घेतलेल्यांना त्या शिष्यवृत्तीचे मोल सांगायला नको. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतिशास्त्रात नाव काढले. १९१८ साली आयसीएस परीक्षेतही ते पहिले आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात नोकरी करून ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० साली पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

त्या काळी आयुर्विमा खासगी कंपन्यांच्या हाती होता. १९१३ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी सुरू केलेल्या वेस्टर्न इंडियासारख्या कंपन्याही त्यांत होत्या. पण सगळ्यांचा कारभार सारखा नव्हता. स्वातंत्र्याच्या आगेमागे दहा वर्षांत पंचवीस कंपन्या बुडाल्या. आणखी पंचवीस कंपन्यांचा पैसा असा उधळला गेला, की त्यांचे काम दुसऱ्यांकडे सोपवावे लागले. वीस वर्षे पोटाला चिमटा काढून हप्ते भरायचे आणि घरातला कर्ता गेल्यावर कळायचे, की कंपनीच उरलेली नाही. त्या घराने दाद कुणाकडे मागायची?

१९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढला आणि चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून तो देशाला सांगितला. कंपन्यांना मालमत्ता इकडेतिकडे करायला सवड मिळू नये, म्हणून तोपर्यंत कमालीची गुप्तता पाळली होती. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्थांचे काम सरकारकडे आले. त्याच वर्षी कायदा झाला आणि पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी मिळाली.

महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाले, तेव्हा चिंतामणराव अर्थमंत्री नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय आणि मुंबईत झालेला गोळीबार त्यांना मान्य नव्हता. गोळीबाराची चौकशीही होत नाही हे पाहून त्यांनी जुलैमध्ये मंत्रिपद सोडले.

मी एजन्सी घेतली तेव्हा नात्यागोत्यातले सात-आठजण सोडले, तर दारात कुणी उभे करत नव्हते. प्रदक्षिणा मार्गावरचे प्रासादिक वस्तूंचे दुकानदार, चुरमुरेवाले, बुक्का-अगरबत्तीवाले आणि तुळशीच्या माळा करणारे हेच पुढे माझे गिऱ्हाईक झाले. त्यांच्या हाती पैसा येतो तो वारीला. म्हणून बऱ्याचजणांचे सहामाही हप्ते मी आषाढी आणि कार्तिकीनंतर येतील असे बसवले, त्यामुळे पॉलिसी बंद पडण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. कमिशनमधला वाटा परत मागणारेही भेटले. १९३८ च्या विमा कायद्याने तशी सूट देणे गुन्हा आहे, हे सांगितल्यावर काहीजण उठून गेले. त्यांतले दोघे पुढे आपणहून आले. पहिल्या वर्षीचे कमिशन मोठे दिसे, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते साडेसात टक्के आणि नंतर पाच टक्के असे. एजंटाचे घर चालते ते माणसे टिकली तर.

माझ्या एका गिऱ्हाइकाचा, माळा करणाऱ्या कारागिराचा, ऐन चाळिशीत मृत्यू झाला. दाव्याचा धनादेश मी त्याच्या पत्नीच्या हाती दिला, तेव्हा तिने तो दोनदा वाचून घेतला आणि पैसे नक्की मिळतील ना, असे विचारले. मी होकार दिला. तो होकार मला छातीठोकपणे देता आला, कारण त्यामागे १९५६ सालचा कायदा होता.

आता खासगी कंपन्या पुन्हा आल्या आहेत. २००२ पासून विमा ब्रोकरही आले. एजंट कंपनीच्या वतीने बोलतो, तर ब्रोकरने गिऱ्हाइकाची बाजू बघायची असते. आपल्या मुलांपैकी कुणी या व्यवसायात येत असेल, तर आधी हा फरक नीट समजून घ्यावा.

मंत्रिपद सोडल्यावर चिंतामणरावांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. गावोगावच्या किती घरांत त्यांच्या त्या कायद्याच्या हमीवर चूल पेटती राहिली, याची मोजदाद कुठेच नाही. त्यांतली आपल्या पंढरपुरातली काही घरे मात्र मी स्वतः पाहिली आहेत.