रेचेल कार्सन : नदीचा कैवार घेणारी बाई



पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं, की आपण चढणीचे मासे बघायला धावतो. अंडी घालण्यासाठी ते पाण्याच्या उलट दिशेने उड्या मारत वर चढतात. दूर कॅनडा देशात सामन नावाचा मासा असाच नदी चढतो. पण तो येतो थेट समुद्रातून! अशाच एका नदीवर आलेलं संकट ज्यांनी साऱ्या जगाला सांगितलं, त्या रेचेल कार्सन यांची ही गोष्ट.

रेचेल यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेत स्प्रिंगडेल या लहानशा गावी झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. आई त्यांना रानात फिरायला नेई आणि पाखरं, किडे, झाडं दाखवी. आपल्याएवढ्या असतानाच त्यांची पहिली गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. लेखिका व्हायचं म्हणून त्या कॉलेजात गेल्या. पण तिथे जीवशास्त्राची अशी गोडी लागली की त्यांनी तोच विषय घेतला.

१९३५ साली वडील वारले आणि घरचा भार रेचेल यांच्यावर पडला. त्यांनी सरकारच्या मत्स्यखात्यात नोकरी धरली. पुढे बहीणही वारली. तिच्या दोन मुलींना रेचेल आणि त्यांच्या आईने सांभाळलं. दिवसा नोकरी आणि रात्री लेखन, असं बरीच वर्षं चाललं. १९५१ साली त्यांचं समुद्रावरचं पुस्तक खूप गाजलं. मग नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लिहू लागल्या.

आता त्या नदीकडे वळू. कॅनडाच्या पूर्व भागात मिरामिची नावाची नदी आहे. तिच्या भोवती दाट जंगल आहे. सामन मासे शरद ऋतूत थंड, स्वच्छ पाण्यात खडीमध्ये अंडी घालतात. वसंतात पिल्लं बाहेर येतात. ती दोन-तीन वर्षं नदीतच राहतात, पाण्यातले किडे खाऊन वाढतात आणि मग समुद्रात जातात.

त्या जंगलातल्या झाडांवर एक अळी पडली होती. त्या झाडांच्या लाकडापासून कागद बनत असे. झाडं वाचवायची म्हणून १९५४ च्या जून महिन्यात विमानांतून डी.डी.टी. हे औषध फवारलं. विमानाला काय, झाड कुठलं आणि ओढा कुठला! औषध पानांवर पडलं तसंच पाण्यातही पडलं. दोन दिवसांत काठाला मेलेले मासे दिसू लागले. रानात पाखरंही मरू लागली. पाण्यातले किडे मेले, त्यामुळे उरलेल्या पिल्लांना खायला काही राहिलं नाही. फवारलेल्या भागात त्या वसंतात जन्मलेलं जवळजवळ एकही पिल्लू वाचलं नाही.

हे सगळं कळलं कसं? तिथले शास्त्रज्ञ १९५० पासून दरवर्षी त्या नदीतले मासे मोजत होते. वही तयार होती, म्हणून पुरावा मिळाला. कार्सनबाईंनी असे अहवाल गावोगावचे, देशोदेशीचे गोळा केले. चार वर्षं खपून १९६२ साली त्यांनी सायलेंट स्प्रिंग हे पुस्तक लिहिलं. सायलेंट स्प्रिंग म्हणजे मुका वसंत, ज्यात पाखरांचा आवाजच नाही असा. त्यातलं नद्यांवरचं प्रकरण मिरामिचीच्या गोष्टीने सुरू होतं.

पुस्तक आलं आणि औषध कंपन्या खवळल्या. बाईमाणसाला यातलं काय कळतं, असंही लोक बोलले. तेव्हा कार्सनबाईंना कॅन्सर झाला होता. त्यांनी तो लोकांना कळू दिला नाही. अंगात त्राण नसतानाही १९६३ साली त्या अमेरिकेच्या सिनेटसमोर गेल्या आणि शांतपणे सगळं सांगितलं. अध्यक्ष केनेडी यांनी नेमलेल्या शास्त्रज्ञांनीही त्यांचं बरंचसं म्हणणं खरं ठरवलं. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी, त्या वारल्या. १९७२ साली अमेरिकेने शेतीत डी.डी.टी. वापरायला बंदी केली. ते बघायला त्या नव्हत्या.

पालकहो, आपल्या आजी-आजोबांना आठवत असेल, हिवतापाच्या डासांसाठी घराच्या भिंतींवर डी.डी.टी. मारत असत. त्याने पुष्कळ माणसं वाचली, हेही खरंच. औषध कधीच वापरू नका, असं कार्सनबाई म्हणत नव्हत्या. कुठे, किती आणि कशासाठी, याचा विचार करून वापरा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रानात टाकलेलं शेवटी नदीत येतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हा आपणही एवढं तरी करू या. फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही. औषधाचा रिकामा डबा पाण्यात टाकायचा नाही. आणि दर पावसाळ्यात चढणीचे मासे किती दिसले, ते वहीत लिहून ठेवायचं. पुढेमागे आपल्या ओढ्याची बाजू मांडायची वेळ आली, तर ती वही उपयोगी पडेल.