संत जोसेफ वाझ : क्षमा घेऊन दारोदार गेलेला धर्मगुरू



आजरा, आंबोली, सावंतवाडी असा घाट उतरून आपण कोल्हापूरकर अनेकदा गोव्याला जातो. कोणी नातेवाइकांना भेटायला जातो, कोणी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जातो. पण वास्कोच्या रस्त्यावरील सांकवाळ गावी थांबणारे आपल्यात थोडेच. तेथे एका जुन्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी आहे. ते आरोग्यमाता मरियेचे चर्च होते. ५ ऑगस्ट १६७७ रोजी तेथील वेदीपुढे एका तरुण धर्मगुरूने आपण पवित्र मरियेचे दास आहोत असे लिहून दिले आणि आपले सारे आयुष्य तिच्या हाती सोपवले. हे धर्मगुरू म्हणजे संत जोसेफ वाझ. पापनिवेदनाविषयी आपल्या मनात जो संकोच असतो आणि जी टाळाटाळ असते, तिच्यावर या संताच्या जीवनातून मोठा प्रकाश पडतो. म्हणून आज त्यांचे स्मरण करू या.

जोसेफ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या त्यांच्या आजोळी झाला. वडील ख्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे. आईचे नाव मारिया दे मिरांडा. गोव्यातच शिक्षण पूर्ण करून १६७६ साली ते धर्मगुरू झाले. गोरगरिबांसारखे जगावे म्हणून ते अनवाणी चालू लागले. प्रवचनकार म्हणून त्यांचे नाव झालेच, पण त्याहून अधिक लोक त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी येऊ लागले. ऐकून घेणारा आणि न रागावता परमेश्वराकडे परत नेणारा धर्मगुरू कोणाला नको असतो?

त्याच काळात सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची हकिकत त्यांच्या कानी आली. १६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगीजांकडून तेथील किनारपट्टी जिंकून घेतली होती. कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून देण्यात आले आणि त्यांना आसरा देणे हाही गुन्हा ठरला. मुलांचा बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद डचांच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्येच करावी लागे. सरकारी कामावर राहायचे तर त्यांचाच पंथ मान्य करणे भाग पडे. कित्येकांनी पोटासाठी वरवर मान तुकवली आणि घराचे दार लावून गुपचूप रोझरी म्हणणे चालू ठेवले. अशी सुमारे तीस वर्षे गेली. ना मिस्सा, ना ख्रिस्तप्रसाद, ना पापनिवेदन.

त्या घरांतील एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा विचार करून पाहा. भीतीपोटी आपण श्रद्धा लपवली, कधी नाकारलीही, हे त्याच्या मनाला टोचत असणार. मनापासून केलेला पश्चात्ताप परमेश्वर स्वीकारतो, हे खरे. धर्मगुरू मिळणे अशक्य असेल तेव्हा, परमेश्वरावरील प्रेमातून उपजलेला आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय असलेला पश्चात्ताप पापक्षमा मिळवून देतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पण आपली क्षमा झाली आहे हे शब्द कानांनी ऐकण्याची भूक माणसाला असतेच. येशूने आपल्या शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार दिला तो याच भुकेसाठी.

फादर वाझ यांना तेव्हाच सिलोनला जायचे होते. परंतु वरिष्ठांनी १६८१ साली त्यांना कानडा प्रांतात, मंगळूरच्या बाजूला पाठवले. तेथे वेगळेच दुखणे होते. पोर्तुगालच्या राजाच्या हक्काखाली नेमलेले धर्मगुरू खरे की रोमने थेट नेमलेले बिशप तोमास दे कास्त्रो खरे, असा वाद पेटला होता. त्यात भाविकांची ओढाताण होत होती. आपण ज्यांच्यापुढे पापनिवेदन केले त्यांना क्षमा देण्याचा अधिकार होता की नव्हता, ही शंका लोकांना छळत होती. फादर वाझ यांनी बिशपांची भेट घेऊन समेटाचा प्रयत्न केला. वरच्यांच्या भांडणात साध्या माणसाच्या मनाची शांती जाऊ नये, ही त्यांची तळमळ होती.

१६८४ साली ते गोव्यात परतले. पुढच्या वर्षी ते ओरेटरी या धर्मगुरूंच्या नव्या संघात सामील झाले. अखेर १६८७ साली, लहानपणापासून वाझ कुटुंबात वाढलेल्या जॉन नावाच्या तरुणाला बरोबर घेऊन, मजुराच्या वेशात ते तुतिकोरिनहून जाफन्याला जायला निघाले. तेथे पोहोचले तेव्हा हगवणीने इतके खंगले होते की जगण्याची आशा नव्हती. बरे झाल्यावर त्यांनी भिकाऱ्याचा वेश घेतला. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार फिरत, असे सांगतात. ती माळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख दिसे ते घर आपले, हे त्यांना समजे. मग रात्री, बाहेर पहारा ठेवून, पापनिवेदन आणि मिस्सा होई. पहाट होण्याआधी ते पुढच्या गावी निघून जात.

डच अधिकाऱ्यांना सुगावा लागला. १६८९ च्या नाताळात सिल्लालै गावावर छापा पडला आणि अनेकांची धरपकड झाली. फादर वाझ हाती लागले नाहीत. पुढे त्यांनी पुत्तलम येथे काम केले आणि १६९२ साली कँडीच्या राज्यात प्रवेश केला. तेथे पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेत राहून ते सिंहली भाषा शिकले. तमिळही त्यांनी आत्मसात केली होती. मनातले दुःख माणूस आपल्याच भाषेत बोलू शकतो, आणि पापनिवेदन ऐकणाऱ्याला ती भाषा कळलीच पाहिजे. कँडीच्या राजाने पकडून ठेवलेल्या कॅथलिक कैद्यांची सेवा त्यांनी तेथेच सुरू केली.

दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, ही कथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. आम्हाला मात्र १६९७ सालची गोष्ट अधिक मोठी वाटते. त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. घरची माणसेही रोग्यांना टाकून पळू लागली. फादर वाझ आणि गोव्याहून आलेले त्यांचे सोबती त्या रोग्यांजवळ बसले. त्यांना धुतले, खाऊपिऊ घातले, मरणाऱ्यांना परमेश्वराच्या हाती सोपवले आणि मृतांना मूठमाती दिली. जो माणूस दुसऱ्याच्या जखमेची किळस करत नाही, त्याच्यापुढे आपले पाप उघडे करायला कोण लाजेल?

आता आपल्याकडे वळू या. आपल्याला समुद्र ओलांडायचा नाही, की रात्री पहारा ठेवायचा नाही. चर्चमध्ये शिरून चार पावले टाकली की झाले. तरीही वर्षातून एकदा, तेही प्रायश्चित्त काळाच्या अखेरीस, रांगेत उभे राहताना पाय जड होतात. फादर आपल्याला ओळखतात, आवाजावरून समजेल, त्यांना काय वाटेल, असे मनात येते. आम्ही हे दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. रांग मोठी आहे असे स्वतःला सांगून आम्हीही मागे फिरलो आहोत. खरे कारण रांग नव्हते. भावाशी धरलेला अबोला सोडायची आमची तयारी नव्हती.

२०१९ साली पंचगंगेचा पूर ओसरल्यावर घरात शिरलेला गाळ आपल्यापैकी अनेकांनी उपसला आहे. ओला असेपर्यंत तो फावड्याने निघतो. वाळला की दगडासारखा होतो. पापाचेही तसेच आहे. पश्चात्ताप ओला आहे तोवर निवेदन सोपे असते. पुढे त्याचे समर्थन करायची सवय लागते आणि मनाची शांती कोठे गेली हेही समजत नाही. म्हणून अंतःकरण तपासणे, खरा पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे स्पष्ट निवेदन आणि सांगितलेले प्रायश्चित्त पूर्ण करणे, एवढा साधा मार्ग ख्रिस्तसभेने दिला आहे. ऐकलेले एक अक्षरही धर्मगुरू बाहेर बोलू शकत नाही. त्यांच्यावर तसे कडक बंधन आहे. आणि तेही पापनिवेदनासाठी दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतात, हे आपण विसरतो.

संत जोसेफ वाझ यांनीही तसेच केले. हजारोंना क्षमा देणाऱ्या या धर्मगुरूने शेवटच्या आजारात स्वतः साक्रामेंत स्वीकारले. जन्मभर जे टाळले ते मरणाच्या वेळी सहजासहजी जमत नाही, याची आठवण त्यांनी आपल्या सोबत्यांना दिली आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते प्रभूकडे गेले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित, तर १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले. दोन्ही सोहळे कोलंबोत झाले. १६ जानेवारी हा त्यांचा सण.

बंधुभगिनींनो, येत्या शनिवारी किंवा मिस्सेआधी थोडे लवकर येऊन फादरांना पापनिवेदनासाठी विचारू या. ज्याच्याशी अबोला आहे त्याला त्याच दिवशी फोन करू या. आणि पुढच्या वेळी गोव्याला जाताना सांकवाळला थांबून, तीस वर्षे क्षमेची वाट पाहणाऱ्या त्या भाविकांसाठी आणि आपल्यासाठी एक प्रार्थना करू या.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.